रेफर्ड बाय : सेल्फ

काश्मिरात गेलं की माझं रक्त घट्ट होतं आणि कच्छात उतरलं की पातळ. अलंकारिक वगैरे काही नाही, वहीत तसे आकडे आहेत. काश्मिरात हाक नावाची पालेभाजी घरोघरी जवळजवळ रोज शिजते. मोहरीचं तेल, चिमूटभर हिंग, दोन सुक्या मिरच्या, अख्खी पानं आणि भरपूर पाणी; ते पाणीच भातावर ओतून घ्यायचं. कच्छात उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर ताटात बाजरीचा रोटला, कढी, लसणाची चटणी, बटाटा आणि हिरवं म्हणाल तर मिरची. हाकमध्ये 'के' जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं आणि मी रोज संध्याकाळी सातला जी गोळी घेते, तिचं वैर नेमकं याच जीवनसत्त्वाशी आहे.

माझ्या हृदयातली मायट्रल झडप कृत्रिम आहे. शाळेत असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले. वाढत्या वयाचं दुखणं म्हणून आजीने तेल चोळलं. तो ऱ्हुमॅटिक ताप होता. सांधे बरे झाले; झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आक्रसत गेली आणि १९९९ साली ती काढून दुसरी बसवावी लागली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायचं. किती पातळ, ते आयएनआर नावाच्या तपासणीवरून कळतं. निरोगी माणसाचा आयएनआर एकाच्या आसपास असतो, माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर झडप अडकायची किंवा गुठळी सुटून मेंदूत जायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

या गोळ्यांच्या कुळाची सुरुवातही चाऱ्यापासून झाली, हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरू लागली; कारण निघालं बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हरचं गवत. त्या गवतातलं द्रव्य पुढे विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं, १९४८ साली त्याचा भाऊबंद वॉरफरिन उंदीर मारायला बाजारात आला आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झाला. माझी गोळी त्याच घराण्यातली. पाल्यातून आलेलं औषध, आणि त्याचा उतारा पुन्हा पाल्यातच.

नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, मुलगी परदेशी स्थिरावली, तेव्हा आम्ही सांगलीचं घर भाड्याने दिलं आणि गाडीत राहायला लागलो. गाडी म्हणजे ट्रॅव्हलर, आतून पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर असं सगळं बसवून घेतलेली. आरटीओच्या कागदपत्रांचं पुराण वेगळं आहे, ते इथे नको. मिरजेतल्या माझ्या डॉक्टरांना बेत सांगितला तेव्हा मला वाटलं होतं की ते हात जोडतील. ते म्हणाले, "फिरा की. महिन्याला आयएनआर आणि वर्षाला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एवढं मला द्या, बाकी पृथ्वी तुमची."

एवढं द्या म्हणणं सोपं होतं. घरी असताना आजाराचा निम्मा भार गावाने उचललेला असतो, हे गाव सोडेपर्यंत लक्षात येत नाही. लॅबमधल्या मुलाला माझी शीर ठाऊक होती. डाव्या कोपराच्या जरा खाली, तिरकी. मेडिकलवाला माझी गोळी संपायच्या आधी मागवून ठेवायचा. गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांना माझ्याकडे बघूनच आठवायचं की हिचा दात काढण्याआधी तासभर अमॉक्सिसिलीन द्यायचं असतं, नाहीतर हिरडीतले जंतू झडपेवर जाऊन बसतील. रस्त्यावर यातलं काहीच कोणाला माहीत नसतं. दर गावात आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची, तीही अशा माणसाला, ज्याच्या मागे वीस पेशंट उभे आहेत. माझ्या फायलीत श्रीनगरपासून नागरकोइलपर्यंतच्या लॅबच्या पावत्या आहेत आणि बहुतेकींवर 'रेफर्ड बाय' पुढे एकच नाव आहे : सेल्फ.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या बाजूची आहे, ती म्हणजे हा आकडाच. पूर्वी रक्त गोठायला किती सेकंद लागतात एवढंच मोजायचे. पण ती तपासणी करायला जे रसायन लागतं ते कुठे सशाच्या मेंदूपासून केलेलं, कुठे गाईगुरांच्या, आणि प्रत्येकाचे सेकंद वेगळे. एका शहरातले अठ्ठावीस सेकंद म्हणजे दुसऱ्या शहरातले किती, हे कोणालाच सांगता यायचं नाही. मग १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या रसायनांना एका प्रमाणाशी जोडलं. प्रत्येक कंपनीच्या रसायनाला आयएसआय नावाचा एक निर्देशांक मिळतो, तो वापरून सेकंदांचं गणित केलं की जो आकडा येतो तो आयएनआर. भुजला काढा नाहीतर भुवनेश्वरला, अर्थ एकच. फिरत्या माणसावर इतके उपकार दुसऱ्या कुठल्या तपासणीने केले असतील असं वाटत नाही. थायरॉइडचे पेशंट असलेले आमचे दोन फिरस्ते मित्र दर वेळी रिपोर्टखालच्या नॉर्मल रेंज ताडून बघत बसतात, तेव्हा मला उगाच श्रीमंत असल्यासारखं वाटतं.

अर्थात गणित बरोबर यायला आधी रक्त नीट भरावं लागतं. आयएनआरची नळी निळ्या टोपणाची असते. तिच्या तळाशी रक्त गोठू न देणारा सायट्रेटचा द्रव आधीपासूनच असतो, नऊ भाग रक्ताला एक भाग. म्हणून नळीवरच्या रेघेपर्यंत रक्त भरलंच पाहिजे. कमी भरलं तर आकडा खोटा वाढून येतो. राजस्थानातल्या एका तालुक्याच्या गावी लॅबमधल्या मुलाने सुई लावली, शीर दगा देऊन बसली, अर्ध्यावर रक्त थांबलं. त्याने नळी उलटसुलट हलवली आणि स्टँडवर ठेवली. मी म्हटलं, "भैया, रेघेच्या खाली आहे, दुसऱ्या हातातून घ्या." तो वैतागला. "मॅडम, आप डॉक्टर हो?" "नहीं, मरीज़ हूँ." मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला हे इतकं आवडलं की त्याने मुलाला आमच्या वतीने चार शब्द सुनावले. दुसऱ्या हातातून रक्त निघालं, रेघेपर्यंत आलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्हाला चहाही मिळाला.

आत शिरण्याआधी विचारायचा प्रश्न ठरलेला आहे : "तपासणी इथेच करता की सॅम्पल बाहेर जातं?" लहान गावांत बऱ्याचदा नुसतं कलेक्शन सेंटर असतं; रक्त दुपारच्या बसने जिल्ह्याला जातं, कोणत्या उन्हात किती तास पडतं ते कोणी सांगू शकत नाही. तशा ठिकाणी मी रक्त देत नाही. दुसरं, रिपोर्टवर आयएसआय छापलेला आहे का ते बघते. नुसतं 'पीटी २८ सेकंद' लिहिलेला कागद एकदा हातात आला, तो तसाच परत केला.

बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं छोटं यंत्रही आमच्याकडे आहे. यंत्र उत्तम, पट्ट्या महाग आणि नखरेल. तापमान तीस अंशांच्या वर गेलेलं त्यांना चालत नाही आणि आमची गाडी मे महिन्यात उन्हात उभी राहिली की आत भाकरी भाजता येईल. म्हणून पट्ट्यांचा डबा छोट्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी असतो. लांबच्या मुलखात, जिथे लॅब नाही तिथेच यंत्र बाहेर निघतं.

वहीचं खातं नवऱ्याकडे आहे. आयुष्यभर धरणाच्या पाण्याच्या नोंदी ठेवलेला माणूस, त्याला रकाने आखायला कोणी सांगावं लागत नाही. तारीख, गाव, आकडा, आठवड्याची एकूण मात्रा, मधे काही दुसरं औषध घेतलं का, आणि शेवटचा रकाना 'पाला'. त्यात मेथी, शेपू, अळू, तांबडा माठ, सरसों, हाक असं काय आणि किती वेळा खाल्लं ते. मी सुरुवातीला हसले होते. पण पहिल्याच हिवाळ्यात पंजाबात ज्यांच्या शेतावर थांबलो, त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सरसों का साग वाढला आणि आकडा दोनच्या खाली घसरला, तेव्हा कारण शोधायला त्या रकान्याशिवाय काही नव्हतं. डॉक्टर म्हणतात पाला बंद करू नका, जेवढा खाता तेवढाच रोज खा. गाडीत राहणाऱ्या माणसाला याच्याइतका अवघड पथ्याचा नियम नाही. बंद करणं सोपं असतं. रोज तेवढाच म्हणजे तिथे जे पिकतं ते नाकारायचं, यजमानीण ताट घेऊन उभी असताना. मी तडजोड काढली आहे : नव्या मुलखात आठवड्याहून जास्त राहायचं असेल तर तिथलं खायचं, मनसोक्त खायचं, आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं. काश्मिरात त्यामुळे माझी मात्रा वाढते. तीन आठवड्यांनी बनिहाल ओलांडून जम्मूला उतरलो की पुन्हा कमी. डॉक्टर याला 'तुमचा काश्मीर डोस' म्हणतात.

गोळीचा प्रश्न त्या मानाने सोपा, फक्त एक मेख आहे. माझी गोळी अ‍ॅसिट्रोम, म्हणजे असेनोकुमारॉल. लहान गावात ती नसते, मग दुकानदार सद्भावनेने वॉरफरिनची पट्टी पुढे करतो : "काम तेच आहे." काम तेच आहे, पण मात्रा तीच नाही. वॉरफरिनचा अंमल हळू चढतो, शरीरात जास्त रेंगाळतो, आणि एकाचे मिलिग्रॅम दुसऱ्याला तसेच लावता येत नाहीत. म्हणून दोन महिन्यांचा साठा कायम, तोही दोन ठिकाणी. निम्मा गाडीत, निम्मा माझ्या खांद्याच्या पिशवीत. गाडी चोरीला गेली तरी रक्त पातळ राहील अशी व्यवस्था. चिठ्ठीसाठी मिरजेला जावं लागत नाही. २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानंतर जुन्या पेशंटला फोनवर तपासून चिठ्ठी पाठवायला डॉक्टरांना अडचण राहिली नाही. त्या महामारीने दिलेली ही एक चांगली गोष्ट. अलीकडे बिनतपासणीच्या नव्या गोळ्या निघाल्यात, त्या का घेत नाही असं लोक विचारतात. माझ्यासारख्या झडपेवर त्यातली एक वापरून पाहिली होती. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून २०१२ साली तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा आमच्या नशिबी निळं टोपणच.

खरी भीती मला हृदयाच्या आजाराची वाटत नाही, पोट बिघडण्याची वाटते. फिरताना पोट बिघडतंच. आणि आपल्याकडे पोट बिघडलं की मेट्रोनिडाझोल ठरलेलं. दुकानदार न विचारता देतो, शेजारी पाकिटातून काढून देतो. ते माझ्या गोळीबरोबर पोटात गेलं की आयएनआर तीन-चार दिवसांत कुठल्या कुठे जातो. जुलाबाने तो आधीच वर चढलेला असतो, वर हे. बुंदेलखंडातल्या एका दवाखान्यात जुलाबासाठी गेले होते. डॉक्टर भला माणूस, घाईत होता. त्याने मेट्रोनिडाझोल लिहिलं, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक लिहिलं आणि नर्सला कमरेत इंजेक्शन भरायला सांगितलं. माझ्यासाठी निषिद्ध असलेल्या तिन्ही गोष्टी एका चिठ्ठीवर! स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळून मांडी भोपळ्याएवढी होऊ शकते. मी पिशवीतून कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, चष्मा काढला, तिन्ही ओळी खोडल्या आणि ओआरएस लिहून म्हणाला, "आपने बचा लिया, मुझे भी."

हे कार्ड म्हणजे माझं खरं ओळखपत्र. मूळ मजकूर मराठीत आणि इंग्रजीत : कृत्रिम मायट्रल झडप, रक्त पातळ करणारी गोळी चालू, स्नायूत इंजेक्शन देऊ नये, डोक्याला मार लागल्यास सीटी स्कॅन करावा, दोन दिवसांपेक्षा जास्त ताप असल्यास अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर घ्यावं. हा शेवटचा मुद्दा डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केलाय. झडपेवर जंतू बसले तर ते कोणते हे रक्तातून कळायला हवं, आणि आधीच चार गोळ्या पोटात गेल्या की कल्चर कोरं येतं. कार्डाच्या मागच्या बाजूला हाच मजकूर जमेल तितक्या लिप्यांत आहे. हुबळीच्या मेडिकलवाल्याने कन्नडमध्ये लिहून दिलं, भुजच्या लॅबमधल्या ताईंनी गुजरातीत, नागरकोइलच्या नर्सने तमिळमध्ये. ते आता लॅमिनेट केलंय आणि एक प्रत ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवलीय.

डोक्याला मार लागू नये म्हणून गाडीतल्या सगळ्या कपाटांच्या कडांना फोम लावलाय. बघायला आलेल्यांना वाटतं नातवंडांसाठी असेल.

आणि आवाज. ही झडप मिटताना टिक् असा आवाज होतो. दिवसा इंजिनाच्या घरघरीत कळत नाही, रात्री गाडी उभी राहिली, पंखा बंद केला की नवऱ्याला शेजारी झोपून ऐकू येतो. झडपेवर गुठळी धरायला लागली तर हा आवाज मंद होतो, दबका होतो, असं आम्हाला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. त्यामुळे रोज रात्री तो काही न बोलता कान लावतो. मला कळतं, पण मी झोपल्याचं सोंग घेते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे बोलून दाखवायचं नसतं.

तिरुअनंतपुरमला आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. माझी झडप तिथली आहे. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने ही झडप घडली. आयात झडपा आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेर होत्या आणि ऱ्हुमॅटिकने झडपा गेलेले पेशंट तर दारात रांग लावून उभे, त्यातले बहुतेक तरुण आणि गरीब. आधीची तीन रूपं फसली. कुठे सांधा तुटला, कुठे धातू झिजला. कृत्रिम नीलमण्याची तबकडीसुद्धा वापरून पाहिली, तीही टिकली नाही. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूच्या चौकटीत चिवट प्लास्टिकची तबकडी बसवली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात गेली. हे संशोधन झालं ते पूजप्पुरा भागातल्या सॅटेलमंड पॅलेसमध्ये, त्रावणकोरच्या राजघराण्याच्या जुन्या वाड्यात. आम्ही फाटकापर्यंतच गेलो. आत जायला काही काम नव्हतं, आणि 'माझ्या छातीत तुमचा माल आहे' असं सांगून प्रवेश मागायचा मला धीर झाला नाही. नवऱ्याने मात्र सुरक्षारक्षकाला हातवारे करून सगळं सांगितलंच. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकदम सलाम ठोकला.

विमा कंपन्यांना मात्र आमचं काय करावं ते सुचत नाही. हप्ता शहराच्या झोनवर ठरतो. तुम्ही राहता कुठे, या प्रश्नाला त्यांच्या फॉर्मवर 'सध्या चंबा' असा पर्याय नसतो. आम्ही सांगलीचा पत्ता देतो आणि वाद टाळतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की बाईने चांगलं जमवलंय. जमलंय, कारण आमच्याकडे पेन्शन आहे, वही आहे, फोन उचलणारे डॉक्टर आहेत, आणि चुकीची चिठ्ठी परत करायची भाषा आहे. वाटेवर राहणं ही आमची हौस आहे. ज्यांची ती हौस नाही, त्यांची गाठ पडेपर्यंत मी याचा फारसा विचार केला नव्हता.

गेल्या जानेवारीत आम्ही कृष्णाकाठी, ओळखीच्यांच्या रानात गाडी लावून राहिलो होतो. पलीकडच्या बांधाला ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या पडल्या होत्या, बीडकडची माणसं. सोलर दिसल्यावर संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला यायला लागली. त्यांत एक बाई होती, बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. सात वाजले, मी गोळी घेतली. बाई बघत होती. "ताई, कशाची हाय?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. ती लगेच मुलीकडे वळली. "हिला बी हार्टाचंच हाय. तीन बाजार झाले की सुई असती हिला."

मला क्षणात कळलं कुठली सुई. बेंझाथीन पेनिसिलीन, बारा लाख युनिट, दर एकवीस दिवसांनी. माझं अख्खं शाळकरी वय त्या सुईच्या तारखांवर गेलंय. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घालून हलवलं की दाट दुधासारखं होतं, सुई जाड लागते, आणि डॉक्टर जरा रेंगाळले तर आत गोठून सुई तुंबते, मग पुन्हा टोचणं आलं. दोन दिवस बसता येत नाही. पण ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा उलटू नये, झडपेचं आणखी नुकसान होऊ नये म्हणून तेच खात्रीचं हत्यार आहे, आणि ते चुकवून चालत नाही. औषधाचा अंमल तीन-चार आठवडेच टिकतो.

गावच्या शाळेत तपासणीची गाडी आली होती, तेव्हा मुलीच्या छातीतला आवाज डॉक्टरांच्या कानाला लागला. शाळा आणि अंगणवाड्यांतली पोरं तपासणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यातूनच हिचं निदान झालं, जिल्ह्याच्या सिव्हिलला इको झाला, सुई सुरू झाली, फुकट. इथवर सगळं बरोबर. मग दिवाळी झाली आणि टोळी निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की पैसे कापणार. आणि सिव्हिल मागे राहिलं.

बाजाराचा हिशेब मला फार हुशारीचा वाटला. आठवडी बाजार तीन झाले की एकवीस दिवस. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईने शोधलेलं हे कॅलेंडर. तिला त्यातली खोच पण माहीत होती. "गावाकडं शनवारचा बाजार, हितं गुरवारचा. म्हून एक-दोन दिस मागंफुडं हुतंय." प्रश्न दिवसांचा नव्हताच, सुई टोचणार कोण हा होता. जवळच्या सरकारी दवाखान्यात औषध नव्हतं. दोन खासगी डॉक्टरांनी नको म्हटलं. पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन आली तर अंगाशी येईल, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. ती अगदी खोटीही नाही, पण या मुलीने आधी कितीतरी सुया घेतल्या होत्या, बिनतक्रार. त्यात हे औषध स्वस्त, नफा नाही, म्हणून बाजारात मधूनमधून गायब होतं. महाग औषधाचा असा तुटवडा मी कधी ऐकला नाही.

रेशनकार्ड आता कुठल्याही राज्यात चालतं. टीबीच्या पेशंटला निक्षय क्रमांक असतो, तो गाव बदलला तरी त्याच्याबरोबर जातो आणि पुढच्या गावी औषध मिळतं. म्हणजे करायचं ठरवलं तर सरकारला जमतं. दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ठरलेल्या वाटांनी, ठरलेल्या कारखान्यांवर जातात, हे कोणाला नवीन नाही. त्यांच्यातल्या ऱ्हुमॅटिकच्या पोरांची सुई कारखान्याच्या गावी मिळावी, यात मला तरी काही अवघड दिसत नाही. एक कार्ड, मागच्या सुयांच्या तारखा, आणि 'या मुलीला पेनिसिलीन चालतं' अशी सिव्हिलची सही. पण त्यासाठी पोर तिथे असणार नाही हे आधी धरून चालावं लागेल.

ती सुई माझ्या डॉक्टरांनी मिरजेत दिली. आम्हीच गाडीने नेऊन आणलं, बापाचा खाडा झालाच. डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली, आणि नवऱ्याने गावाकडच्या कागदाचा फोटो काढून ठेवला.

फेब्रुवारीत मुकादमाच्या फोनवरून त्या बाईचा फोन आला. टोळी कर्नाटकात अथणीकडे सरकली होती, तिसरा बाजार उद्या होता. आम्ही तेव्हा गोकर्णला. मिरजेच्या डॉक्टरांनी अथणीतले तिघे सुचवले; पहिल्या दोघांनी नाही म्हटलं, तिसरे म्हणाले, "पाठवा, पण आधीच्या सुयांच्या तारखा मला लिहून हव्यात." कागदावर गावातली शेवटची तारीख होती, मिरजेची आम्हाला ठाऊक होती, मधल्या दोन कुठेच नव्हत्या. नवरा वही घेऊन बसला, फोन स्पीकरवर ठेवला, आणि बाईला विचारत गेला : संक्रांतीच्या आधीचा बाजार कुठला, त्याच्या आधी टोळी कुठे होती, तिथला बाजार कुठल्या वारी. ती सांगत गेली, एकदा अडली, आपल्या नवऱ्याला हाक मारून विचारलं, पुन्हा सांगितलं. एक सुई वाटेतल्या गावच्या सरकारी दवाखान्यात झाली होती, दुसरी कारखान्याजवळच्या एका नर्सबाईंनी दिली होती. चारही तारखा निघाल्या. त्या डॉक्टरांना पाठवल्या, आणि मुलीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुई मिळाली. पुढची तीन बाजारांनी. तोवर टोळी अथणीत असेल की आणखी कुठे, ते मुकादमालाही सांगता येईना.